तिसरा सिलिंडर

मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले आहेत, चाकांवरच्या पत्र्याला ऐटबाज बाक आहे आणि अंगाला गडद हिरवा रंग आहे. रस्त्यात मला पाहिले की लोक थांबतात. कोणी बॉनेटवरून हात फिरवतो, कोणी काचेतून आत डोकावतो, कोणी आपल्या मुलीला माझ्या पायरीवर उभे करून फोटो काढतो. "काय चकाकतेय," म्हणतात आणि आपापल्या वाटेने जातात.

मित्रांनो, या कौतुकाचा मला वीट आला आहे. चकाकणे हे माझे काम कधीच नव्हते. ओढणे हे माझे काम होते. ते काम मी कसे केले, माझ्यातली ताकद कशी गळू दिली गेली आणि त्यापायी एका भल्या बाईचा पाय कायमचा अधू कसा झाला, ते मी सांगणार आहे. गोड शब्दांत सांगता येईल असे ते नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. बिडाच्या ठोकळ्यात चार गोल नळ्या कोरल्या, त्या गुळगुळीत केल्या आणि एकेका नळीत एकेक पिस्टन सोडला. या नळ्यांना सिलिंडर म्हणतात. मला जोडणारा कारागीर तिरसट होता. त्याने ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या भोकावर आपला अंगठा घट्ट दाबून धरला आणि जोडीदाराला सांगितले, "फिरव." आतली हवा दाबली गेली आणि त्याचा अंगठा भोकावरून फाटकन उडाला. चारही वेळा उडाला. तेव्हा कुठे तो म्हणाला, "आता हिला बाहेर जाऊ दे."

तो अंगठा का उडाला, ते नीट समजून घ्या, कारण माझी सगळी गोष्ट त्यातच आहे. माझ्या नळीत आधी हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण येते. मग दारे बंद होतात. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. दारे बंद झाली की पिस्टन वर सरकतो आणि ते मिश्रण दाबतो. सहा ओंजळी मिश्रण एका ओंजळीत कोंबावे, एवढे. मग ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. त्या ढकलण्यावर माझी चाके फिरतात. दाब चांगला बसला तर जोर चांगला. दाब कुठून निसटला तर पेट्रोल तेवढेच जळते, पण चाकापर्यंत काही पोचत नाही. मेकॅनिक लोक या दाबाला कॉम्प्रेशन म्हणतात. माणसाला जशी छातीतली हवा, तसे मला हे कॉम्प्रेशन.

मला विकत घेतले एका जनावरांच्या डॉक्टर बाईंनी. त्या नुकत्याच शिकून आल्या होत्या आणि डोंगरउतारावरच्या गोठ्यांचा सगळा भाग त्यांच्याकडे होता. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. माझ्या मागच्या सीटवर कधी माणूस बसलाच नाही. तिथे दोरखंड, रबरी बूट, औषधाच्या बाटल्या आणि बादल्या असत. एकदा तर तिथे एक आजारी वासरू बसून आले आणि त्याने सीटचे टोक चावून टाकले. माझ्या अंगाला कायम शेणाचा आणि जंतुनाशकाचा वास येई. मला त्याचा अभिमान होता.

रोज सकाळी डॉक्टरबाई पुढे येत, माझ्या नाकाडात हँडल खुपसत आणि मला सुरू करण्याआधी सावकाश फिरवत. दर अर्ध्या फेऱ्याला त्यांच्या हाताला अडत असे. त्या मनाशीच म्हणत, "एक, दोन, तीन, चार. चौघेही जागे आहेत." जनावराच्या पोटावर हात ठेवून आत काय चालले आहे ते ओळखण्याची त्यांना सवय होती. माझ्याशीही त्या तशाच वागत. माझा आवाज बदललेला जाणवला की त्याच दिवशी बॉनेट उघडले जाई.

त्यांच्या शेजारी एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे झपाटे म्हणत, कारण त्यांच्याकडे वेगवान गाडी होती आणि त्यांना दुसरे काही सुचत नसे. ते एकदा कुंपणावरून म्हणाले, "बाई, हिचं हेड, नळ्यांवरचं झाकण, थोडं घासून घ्या. वरची जागा कमी झाली की कॉम्प्रेशन वाढतं. चढ नुसती खेळत चढेल."

"आणि मग?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"मग काय, ताकद."

"हिच्या वेळचं पेट्रोल साधं. जास्त दाबलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतं आणि आतून हातोडे मारल्यासारखं वाजतं. बेअरिंगं खिळखिळी होतील. हिला पचेल तेवढंच मी देते, झपाटेकाका. माझ्या गाईंनाही तेवढंच देते."

झपाटेकाकांची गाडी पुढच्याच हिवाळ्यात हेडखालचे गॅस्केट फुटून रस्त्यात उभी राहिली. तिला दोर लावून घरी आणले ते मीच. हे सांगताना मला अजूनही बरे वाटते, ते मी लपवत नाही.

अशी माझी कित्येक वर्षे गेली. चिखलात, बर्फात, उन्हात. डोंगरावरच्या शेवटच्या गोठ्यापर्यंतचा चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये चढत असे आणि उतरताना डॉक्टरबाई ब्रेकला क्वचितच पाय लावत. गिअर खालचा ठेवला की माझे इंजिनच गाडीला मागून धरून ठेवी. चांगला दाब नुसता पुढे ढकलत नाही, तो आवरूनही धरतो. हे विसरू नका.

मग डॉक्टरबाईंचे डोळे अधू होऊ लागले. डोळ्यांच्या मागचा पडदाच झिजत होता आणि त्याला उपाय नव्हता. एके दिवशी सपाट रस्त्यावर त्यांनी मला अचानक कडेला घेतले. समोर दुधाची बरणी घेऊन एक बाई चालली होती आणि ती त्यांना अगदी जवळ आल्यावर दिसली होती. डॉक्टरबाई थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. मग उतरल्या, मला कुलूप लावले आणि घरापर्यंत चालत गेल्या. पुन्हा त्या माझ्या स्टिअरिंगमागे बसल्या नाहीत. कोणाला सांगावे लागले नाही.

किल्ली त्यांनी आपल्या बहिणीच्या मुलाला दिली.

हा भाचा वाईट माणूस नाही, असे सगळे म्हणतात. हसतमुख आहे, गोड बोलतो, गळा चांगला आहे. त्याचे घरे सजवण्याचे दुकान आहे. ओल आलेल्या भिंतीवर सुंदर कागद कसा चिकटवावा, हे त्याच्याकडून शिकावे. किल्ली देताना डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "हवी तेवढी चमकव. पण अधूनमधून हँडल फिरवून बघत जा. चार वेळा हाताला अडलं पाहिजे. आणि व्हॉल्व्हचं अंतर तपासून घेत जा."

"मावशी, तू अजिबात काळजी करू नकोस," भाचा म्हणाला. हँडल त्याने डिकीत टाकले. त्यावर सतरंजी घातली.

त्याने मला रंगवले. चामड्याच्या नव्या सीट बसवल्या, वासराने चावलेले टोक फेकून दिले. चांदीसारखा भोंगा लावला. लग्नांना, दुकानांच्या उद्घाटनांना, फोटोंना मी भाड्याने जाऊ लागले. आणि त्याच दिवसांत माझ्या तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा झाला. झिजता झिजता त्याच्या दांडीवरचे मोकळे अंतर संपले होते. केसाएवढी फट राहिली. पण त्या फटीतून दर भडक्याला पेटलेला वायू बाहेर पडू लागला आणि व्हॉल्व्हची कड जाळू लागला. जळलेली कड आणखी मोठी फट पाडते. हे दुखणे आपोआप बरे होत नाही, मित्रांनो. ते फक्त वाढते.

मी सांगत होते. माझ्या परीने ओरडून सांगत होते. सिग्नलला उभी असताना मी थरथरत असे. सकाळी सुरू व्हायला कुरकुरत असे. जो चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये हसत चढत होते, तिथे पहिला टाकावा लागू लागला. पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षा जास्त पीत होते. भाच्याने पेट्रोलपंपाला दोष दिला, हवेला दोष दिला, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरशी खेळला, नवे प्लग घातले. शेवटी तो मला मिस्त्रीकडे घेऊन गेला.

मिस्त्रीने प्लग काढून एकेका भोकात दाब मोजायचे घड्याळ लावले. पहिला बरा, दुसरा बरा. तिसऱ्याला काटा अर्ध्यावर येऊन लोळला. चौथा बरा. मग त्याने तिसऱ्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजले. काटा हलला नाही.

"पिस्टनवरच्या रिंगा ठीक आहेत," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह जळलाय. इंजिन उघडावं लागेल."

"किती दिवस उभी राहील?"

"सामान जुनं आहे. शोधावं लागेल. हंगाम जाईल तुमचा."

"छे, छे. हंगाम कसा घालवू?" भाचा हसला. "तीन तर चालू आहेत ना? एकाने काय होतं? आवाज कमी होईल असं काहीतरी कर."

"जाड ऑइल घालू शकतो. पण त्याने व्हॉल्व्ह बसत नाही, साहेब."

"घाल तू."

आणि मिस्त्रीने घातले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्याला काही कळत नव्हते त्याचे एक वेळ सोडा. याला सगळे कळत होते. त्याने माझी नाडी पाहिली, दुखणे ओळखले आणि माझ्या तोंडात बोळा कोंबला. हँडब्रेकची तारही सैल झाली होती. तीही आवळायची राहिली. भाचा म्हणाला, "गिअरमध्ये टाकून ठेवतो की मी. जाते कुठे?"

जाते कुठे. मित्रांनो, हे दोन शब्द मी विसरत नाही. बंद गाडी गिअरमध्ये टाकली की उतारावर तिला कोण धरून ठेवते? तेच ते कॉम्प्रेशन. चाक फिरायला बघते, पिस्टन वर सरकू बघतो आणि नळीतली दाबलेली हवा त्याला म्हणते, थांब. ज्या नळीतून हवा निसटते, ती थांब म्हणत नाही.

त्या दिवशी एका जोडप्याला डॉक्टरबाईंच्या घरासमोर फोटो काढायचे होते. त्या घराच्या दगडी पायऱ्या फोटोत चांगल्या दिसतात. त्यांची गल्ली उताराची आहे. भाच्याने मला तोंड उताराकडे करून उभे केले, कारण तसे माझे दिवे छान दिसतात. इंजिन बंद केले, पहिला गिअर टाकला आणि तो फोटोवाल्याला बोलवायला वर गेला.

माझा आवाज ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. भिंतीला हात लावत आल्या आणि माझ्या पुढे, फाटकाच्या खांबाजवळ उभ्या राहिल्या. माझ्या बॉनेटवर त्यांनी तळवा टेकला. खूप दिवसांनी टेकला.

"अरे, हिचा तिसरा गेलाय," त्या वर बघून म्हणाल्या. "गल्लीत शिरतानाच कळलं मला. ऐकतोस का?"

"मावशी, नंतर बोलू. माणसं खोळंबलीयत," वरून भाच्याचा आवाज आला.

त्या तिथेच उभ्या राहिल्या. माझी चौकशी करणारा एकच हात जगात होता आणि तो माझ्यावर होता. त्याच वेळी माझा सगळा भार तिसऱ्या नळीवर येऊन थांबला होता. हवा निसटत होती. मला ती आवरता येईना. पिस्टन वर चढला, पलीकडे कलंडला आणि मी हातभर पुढे सरकले. तिच्यानंतर पाळी आलेली नळी चांगली होती. ती अडली. पण मी वजनदार, गल्लीचा उतार तीव्र आणि अंगात एकदा गती शिरलेली. तीही हरली. डॉक्टरबाईंना माझे सरकणे हाताला कळले. त्यांनी मागे पाऊल टाकले. मागे खांब होता.

त्या किंचाळल्या नाहीत. दात आवळून म्हणाल्या, "मागे घ्या हिला. कोणीतरी मागे घ्या."

समोरची शिंपीणबाई हातातले कापड टाकून धावली. फोटोवाला आणि नवरामुलगा धावले. तिघांनी मिळून मला मागे रेटले. माझ्या नव्या चकचकीत बंपरला डॉक्टरबाईंच्या लुगड्याचा पदर अडकला होता.

गुडघ्याखालचा पाय दोन ठिकाणी मोडला. हाडांचे तुकडे झाले होते. पुन्हा सरळ चालता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आणि चौकशीला आलेल्या पोलिसाला भाचा काय म्हणाला, ते मी माझ्या कानांनी ऐकले. "जुनी गाडी हो. ब्रेकच फेल झाले. पनवती आहे ही."

माझ्यावर खापर फोडले. मी बोलू शकत नाही, म्हणून फोडले. आयुष्यभर त्या बाईंना मी डोंगर चढवले, उतरवले, कुठे खरचटू दिले नाही. त्यांचा पाय माझ्याच अंगाखाली मोडला आणि पनवती मी. तेव्हापासून माझ्या आत जे धुमसते आहे, ते पेट्रोल नव्हे.

मला डॉक्टरबाईंच्या अंगणातल्या शेडमध्ये ढकलून ठेवले. भाच्याने माझ्यावर जाड कापड टाकले. मला बघणेही त्याला नको होते. मग एकदा तो मिस्त्रीला घेऊन आला आणि म्हणाला, "हिचं इंजिन काढून टाक. नव्या गाडीचं छोटं इंजिन बसतं का बघ. बाहेरून कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. काखेत कुबडी, चेहरा ओढलेला. रुग्णालयातून आल्यावर त्या पहिल्यांदाच अंगणात आल्या होत्या. त्यांनी स्टूल ओढायला लावले आणि माझ्यासमोर बसल्या.

"मावशी, तू कशाला उठलीस?"

"पोलिसाला काय सांगितलंस तू?"

भाचा माझ्यावरचे कापड ओढून काढू लागला.

"ब्रेक फेल झाले म्हणालास. ब्रेक तू लावलेच नव्हतेस. हँडब्रेक सैल, ते तुला माहीत होतं. तिसरा गेलाय, तेही माहीत होतं. खरं की खोटं?"

"मला वाटलं, एवढ्याने काही..."

"माझ्याकडे लोक जनावर घेऊन यायचे. महिनाभर दुखणं अंगावर काढलेलं असायचं, पण शिंगं तेल लावून चमकवलेली. त्यांच्यावर मी रागवायचे नाही, ती माणसं दमलेली असायची. तुझ्यावर मी रागावलेय. तू दमलेला नव्हतास. तुला फक्त वेळ घालवायचा नव्हता." मग त्या मिस्त्रीकडे वळल्या. "आणि तुझ्यावरही. तू तर मोजून बघितलं होतंस."

मिस्त्री खाली बघत म्हणाला, "बाई, मी सांगितलं होतं साहेबांना."

"सांगितलंस आणि ऑइल ओतलंस. उघड आता. माझ्यासमोर उघड. आणि हा हाताखाली राहील."

इंजिन उघडले. जाड ऑइलचा चिकट काळा थर सगळीकडे बसला होता. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह बाहेर काढून मिस्त्रीने भाच्याच्या तळहातावर ठेवला. त्याची कड एका बाजूला उंदराने कुरतडल्यासारखी खाल्लेली होती. भाच्याने तो उलटसुलट करून पाहिला. त्याने तो मावशीच्या हातात दिला. डॉक्टरबाईंनी बोटाने कड चाचपली आणि म्हणाल्या, "एवढंसं होतं. वेळीच केलं असतं तर एवढंसंच होतं."

सामान शोधायला खरोखरच वेळ लागला. भाच्याचा हंगाम बुडाला आणि तो बुडाला याचे मला जराही वाईट वाटले नाही. नवा व्हॉल्व्ह आला. त्याला जागेवर बसवायला खरखरीत लेप लावून, दांडी दोन्ही तळव्यांत घोळवत, घासत राहावे लागते. ते भाच्याने केले. तळव्यांना फोड आले तरी केले, कारण डॉक्टरबाई स्टुलावरून उठत नव्हत्या. एकदा तो म्हणाला, "झालं असेल आता." त्यांनी बोट फिरवून पाहिले. "नाही झालं." तो पुन्हा घासू लागला. हँडब्रेकची तारही नवी घातली. पोलीसचौकीत जाऊन त्याला आपले म्हणणे बदलून द्यावे लागले. तेही डॉक्टरबाईंनीच करायला लावले.

मग एका सकाळी डोंगरावरच्या शेवटच्या गोठ्यातून निरोप आला. गाय अडली होती आणि नवे डॉक्टर दुसरीकडे गेले होते. "हाताने सांगता येईल मला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाडी काढ."

त्या माझ्या पुढच्या सीटवर बसल्या, कुबडी पायाशी. स्टिअरिंगवर भाचा. चढ सुरू झाला तेव्हा त्याचा हात सवयीने पहिल्या गिअरकडे गेला. "राहू दे दुसरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. चारही नळ्यांनी हवा घट्ट दाबली, चारही भडके चाकापर्यंत पोचले आणि मी तो चढ चढले. धाप न लागता चढले. एवढा वेळ वाया गेल्यावर, एवढे नुकसान झाल्यावर चढले, म्हणून मला आनंदाऐवजी संतापच आला. हे सगळे आधीच होऊ शकत होते.

वर पोचल्यावर भाच्याने हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, उतरून चाकामागे एक मोठा दगड लावला आणि तो पायाने रेटून पाहिला. मग डॉक्टरबाईंच्या बाजूचे दार उघडून हात पुढे केला. "मावशी, मला माफ..."

"गाय अडलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात घेतला नाही. गोठ्याची मालकीण पुढे आली, तिच्या खांद्यावर भार टाकून त्या आत गेल्या. भाचा दगडाजवळ उभा राहिला. आतून गाईचा हंबरडा आला, मग बऱ्याच वेळाने वासराचा बारीक आवाज आला. तरीही तो तिथून हलला नाही.

मित्रांनो, वासरू जगले. डॉक्टरबाई लंगडतात आणि आता कायम लंगडतील. मी दर आठवड्याला त्यांना डोंगरावर नेते. भाचा माझी नीट निगा राखतो, तरी मी त्याला माफ केलेले नाही. कदाचित गाड्यांना ते जमत नसेल. तुमच्याही घरात किंवा शेजारी माझ्यासारखे जुने काहीतरी असेल. शिलाईचे यंत्र असेल, पंखा असेल, पाण्याचा पंप असेल. त्याचा आवाज बदलला, ते थरथरू लागले, नेहमीच्या कामाला त्याला धाप लागू लागली, तर कृपा करून त्याला पुसून नवे झाकण घालू नका. ते उघडा. हात काळे होतील, सुट्टीचा दिवस जाईल, जाऊ द्या. आणि कधी मी तुम्हाला रस्त्यात दिसले तर माझ्या रंगाबद्दल एक शब्दही बोलू नका. मालकाला विचारा, हँडब्रेक लावलाय का. लावला नसेल, तर माझ्यासमोर उभे राहू नका.